परतीचं तिकीट काढण्याआधी : परदेशातली पीएचडी संपते तेव्हा नेमकं काय काय संपतं?



गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका विद्यार्थिनीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. तिला जर्मनीत पीएचडीसाठी यायचंय. प्रोफेसरांना पहिला ईमेल कसा लिहायचा, जर्मन भाषा किती यायला हवी, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथून, असे नेहमीचे प्रश्न झाले. फोन ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, "ताई, तुझं तर आता संपतच आलं ना? मग पुढे काय?"

खरं सांगते, मला धड उत्तर देता आलं नाही. "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. हेच "बघू" मी दर रविवारी बाबांनाही ऐकवत होते. ते बार्शीजवळच्या आमच्या गावाहून फोन करतात, पाऊसपाणी सांगतात आणि शेवटी विचारतात, "मग, कधी येणार?" मी म्हणते, "बघू."

त्या कॉलनंतर मी एक वही घेऊन बसले. माझा इथला मुक्काम कधी संपतो, ही एक तारीख लिहायची होती. लिहायला लागले तर तारखा निघाल्या चार, आणि चारही वेगवेगळ्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यातल्या बहुतेक तारखा मी चार वर्षांपूर्वी, इथे पोहोचल्यावर पहिल्या दोन महिन्यांत, न वाचता सही केलेल्या कागदांवर ठरून गेल्या होत्या.

म्हणून आजचा लेख शेवटाबद्दल असला तरी तुमच्यासाठी आहे. तुम्ही अजून अर्जही केला नसेल, "आत्ताच परतीचं काय बोलायचं?" असं वाटेल. पण शेवट सोपा जाणार की अवघड, हे बरंचसं सुरुवातीलाच ठरतं. मी जर्मनीत आहे, त्यामुळे नियम इथले सांगते. दुसऱ्या देशात नियम बदलतील, पण विचारायचे प्रश्न तेच राहतील.

शेवट एक नसतो, चार असतात

भारतात एम.एस्सी. संपते म्हणजे परीक्षा संपते, निकाल लागतो, हॉस्टेल सोडायचं. सगळं एकाच महिन्यात. परदेशातल्या पीएचडीत असं होत नाही. इथे चार घड्याळं चालू असतात :

१. नोकरीचं काँट्रॅक्ट किंवा स्कॉलरशिप
२. निवास परवाना, म्हणजे आपण ज्याला ढोबळपणे व्हिसा म्हणतो तो
३. थिसिस
४. घराचा करार

माझंच उदाहरण घ्या. काँट्रॅक्ट ३० सप्टेंबरला संपतं. निवास परवाना काँट्रॅक्टला बांधलेला, म्हणून तोही त्याच सुमारास. थिसिस जुलैच्या मध्यावर जमा करणार, पण परीक्षकांचे अहवाल येऊन तोंडी परीक्षा व्हायला नोव्हेंबर उजाडेल. म्हणजे जी पदवी घ्यायला आले, तिची परीक्षा पगार थांबल्यावर दोन महिन्यांनी! यात कुणाची चूक नाही. बहुतेकांचं असंच होतं. फक्त हे आधी माहीत असायला हवं, कारण मधल्या महिन्यांचं घरभाडं, आरोग्यविमा आणि परवाना यांची सोय आपल्यालाच करायची असते.

आता एकेक घड्याळ बघू.

पहिलं : काँट्रॅक्ट की स्कॉलरशिप?

जर्मनीत पीएचडी करणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. काही जण विद्यापीठाचे किंवा संशोधन संस्थेचे कर्मचारी असतात, बहुधा अर्ध्या किंवा पाऊण वेळाच्या काँट्रॅक्टवर. काही जण स्कॉलरशिपवर असतात. महिन्याला हातात पडणारी रक्कम कधीकधी सारखीच दिसते. फरक कळतो तो शेवटी.

कर्मचारी असाल तर पगारातून बेरोजगारी विमा कापला जातो. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने तो भरला असेल, तर काँट्रॅक्ट संपल्यावर काही काळ भत्ता मिळू शकतो आणि त्या काळातला आरोग्यविमाही त्यातून भरला जातो. मात्र एक अट आहे : काँट्रॅक्ट संपण्याच्या तीन महिने आधी "मी नोकरी शोधतेय" अशी नोंद रोजगार कार्यालयात करावी लागते. उशीर झाला तर आठवड्याभराचा भत्ता जाऊ शकतो. माझ्या बाबतीत ही तारीख ३० जून. थिसिसच्या धावपळीत ती सहज विसरले असते. लॅबमधल्या एका सिनियरने आठवण केली म्हणून वाचले.

स्कॉलरशिपवर असाल तर हे काहीच नाही. स्कॉलरशिप संपली की संपली. याचा अर्थ स्कॉलरशिप वाईट असा नाही. तिच्यात कामाचं स्वातंत्र्य जास्त असू शकतं. पण मग पहिल्या वर्षापासून दरमहा थोडी रक्कम शेवटच्या चार-पाच महिन्यांसाठी बाजूला टाकायला हवी.

दुसरं : निवास परवाना

हा भाग नीट वाचा, कारण इथे बरेच जण गोंधळतात. पीएचडी करणाऱ्याला "विद्यार्थी" म्हणून परवाना मिळू शकतो किंवा "संशोधक" म्हणून. येताना दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. जो अर्ज समोर येतो तो आपण भरतो. पण जर्मनीतलं शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यार्थी परवान्यावरच्या व्यक्तीला नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंत राहता येतं, तर संशोधक परवान्यावरच्या व्यक्तीला संशोधन संपल्यावर ९ महिन्यांपर्यंत. म्हणजे निम्माच काळ! संशोधक परवान्याचे दुसरे फायदे आहेत, उदाहरणार्थ युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात काही काळ संशोधनासाठी जाणं सोपं पडतं. म्हणून यातला एकच बरोबर असं नाही. आपण कशावर सही करतोय ते कळलं पाहिजे, एवढंच.

माझा परवाना संशोधकाचा आहे. चार वर्षांपूर्वी हा फरक मला कुणी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

आणखी एक : नवा अर्ज जुना परवाना संपण्याआधी पोहोचला पाहिजे. तो वेळेत गेला तर निर्णय होईपर्यंत जुनाच परवाना चालू आहे असं धरलं जातं आणि तसा तात्पुरता कागद मिळतो. एका दिवसाचाही उशीर झाला तर प्रकरण अवघड होतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे लागतात, म्हणून तीन-चार महिने आधी सुरुवात केलेली बरी. आणि तो तात्पुरता कागद हातात असताना मध्येच भारतात जाऊन यायचं असेल, तर त्या कागदावर परत येता येतं का, हे जाण्याआधी विचारून घ्या.

तिसरं : थिसिस "संपतो" म्हणजे काय?

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी ही गोष्ट आधीच समजून घ्यावी. थिसिस जमा करणं, तोंडी परीक्षा होणं आणि पदवी मिळणं या तीन वेगळ्या घटना आहेत.

जर्मनीत साधारण नियम असा, की तोंडी परीक्षा पास झालात तरी थिसिस प्रकाशित होईपर्यंत पदवीचं प्रमाणपत्र हातात येत नाही आणि नावामागे "डॉक्टर" लावता येत नाही. प्रकाशित करणं म्हणजे पुस्तकच काढायला हवं असं नाही. बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संग्रहात ऑनलाइन ठेवलं की चालतं. पण त्याआधी परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करायच्या, सहलेखकांच्या परवानग्या घ्यायच्या, एखादा पेपर जर्नलकडे अडकला असेल तर त्याची वाट बघायची. यात काही महिने सहज जातात.

भारतातल्या नोकरीच्या अर्जात मात्र सरळ रकाना असतो : पीएचडी मिळाल्याची तारीख. म्हणून तोंडी परीक्षेनंतर परीक्षा विभागाकडून एक पत्र मागून घ्या. "सर्व परीक्षा पूर्ण झाल्या आहेत, प्रमाणपत्र प्रकाशनानंतर मिळेल" असं त्यात लिहिलेलं असावं, आणि इंग्रजीतही असावं. देश सोडल्यावर हे पत्र मागवत बसणं त्रासाचं होतं.

थिसिस कोणत्या पद्धतीचा आहे, यावरही शेवट अवलंबून असतो. एक सलग ग्रंथ लिहायचा असेल तर वेळ बराचसा तुमच्या हातात असतो. पेपर जोडून थिसिस करायचा असेल तर वेळ जर्नलच्या हातात असतो. किती पेपर हवेत, ते छापून यायला हवेत की पाठवलेले चालतात, हे प्रत्येक विभागाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. ती नियमावली पहिल्या महिन्यात वाचा. मी तिसऱ्या वर्षी वाचली.

संशोधन कुणाच्या हाती देऊन जायचं?

माझा विषय थोडक्यात सांगते. उन्हाळाभर तापलेल्या, कोरड्या मातीवर पहिलं पाणी पडलं की मातीतले सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि काही तासांत भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. याला "बर्च परिणाम" म्हणतात. एच. एफ. बर्च या संशोधकाने १९५०च्या दशकात त्यावर काम केलं, त्याचं नाव. मृगाचा पहिला पाऊस काळ्या रानावर पडतो तेव्हा हेच घडत असतं. माती किती वेळा कोरडी-ओली झाली यावर ही लाट लहान होते की मोठी, ते मी मोजते.

आता व्यावहारिक प्रश्न. माझ्या मातीचे शेकडो नमुने फ्रीझरमध्ये आहेत. पिशव्यांवर "म३-क-१७" असं काहीतरी लिहिलंय. त्याचा अर्थ जगात फक्त मला कळतो. मी विमानात बसले की त्या पिशव्या म्हणजे गोठलेला चिखल.

जर्मन संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रकाशित निष्कर्षांमागचा डेटा साधारणपणे १० वर्षं जपून ठेवायचा असतो. पण जपणं म्हणजे हार्डडिस्क कपाटात ठेवणं नव्हे. तीन वर्षांनी दुसऱ्या कुणी ती फाईल उघडली तर तिला मला फोन न करता सगळं समजलं पाहिजे. त्यासाठी शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्यातला अर्धा दिवस मी फक्त याला दिलाय. काय करते ते सांगते :

– प्रत्येक नमुन्याची एक ओळ : कुठून घेतला, कधी, कुणी, कोणत्या खणात आहे, टाकून दिला तर चालेल का.
– प्रत्येक डेटा फाईलसोबत एक साधी मजकूर फाईल : कोणत्या रकान्यात काय आहे, एकक काय, कोणती मोजमापं चुकलेली आहेत आणि का वगळली.
– विद्यापीठाच्या परवान्यावर चालणारं सॉफ्टवेअर काँट्रॅक्टबरोबर बंद होतं. म्हणून सगळं विश्लेषण "आर"मध्ये हलवलं, ते फुकट आहे.
– विद्यापीठाचा ईमेल बंद होईल. पेपरांवर कायमचा पत्ता आणि ऑर्किड क्रमांक दिला. जिथे जिथे विद्यापीठाच्या ईमेलने खातं उघडलं होतं, तिथे तो बदलला.
– अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल गाईडशी बोलून एका पानावर लिहून घेतलं : कोणता पेपर कोण पुरा करणार आणि लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येणार.

हा शेवटचा मुद्दा विचारायला संकोच वाटतो. आपल्याकडे गाईडसमोर असं बोलणं उद्धटपणाचं वाटतं. पण मी विचारलं तेव्हा माझ्या गाईडबाईंना उलट बरं वाटलं. त्या म्हणाल्या, माणूस समोर असतो तोवर हे बोलणं सोपं असतं, गेल्यावर ईमेलवर त्याचंच भांडण होतं.

चौथं : घर, बँक आणि पेन्शन

आता माझी एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी खोली बदलली. जुन्या घरमालकांना महिन्याच्या सुरुवातीला छान ईमेल केला, की मी घर सोडतेय. मला वाटलं, झालं काम. पण जर्मनीत घर सोडण्याची नोटीस सही केलेल्या कागदावर द्यावी लागते, ईमेल चालत नाही. आणि साधारण भाडेकरारात ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना धरला जातो. म्हणजे ३० सप्टेंबरला घर सोडायचं तर नोटीस जुलैच्या पहिल्या तीन कामाच्या दिवसांत मिळाली पाहिजे. माझं पत्र पोहोचलं आठ तारखेला. महिनाभर दोन घरांचं भाडं भरलं. चूक माझीच होती, करारात सगळं लिहिलेलं होतं. विद्यार्थी वसतिगृहांचे नियम वेगळे असतात, तेही करारातच बघायचे.

अनामत रक्कम, जी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, लगेच परत मिळेलच असं नाही. पाणी, हीटिंग यांचा वार्षिक हिशेब बाकी असतो आणि तो व्हायला वेळ लागतो. त्यामुळे इथलं बँक खातं निघताना बंद करू नका. आणि खात्याचे व्यवहार मोबाईलवर मंजूर करावे लागतात, म्हणून इथला फोन नंबर बंद करण्याआधी बँकेत दुसरी सोय करून घ्या. माझ्या एका मित्राने आधी सिमकार्ड बंद केलं आणि मग स्वतःच्याच पैशांसाठी महिनाभर पत्रव्यवहार केला.

देश सोडताना नगरपालिकेत नाव कमी करायचं असतं. घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून ते सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हे करता येतं. त्याचा दाखला जपून ठेवा. विमा, रेडिओ-टीव्हीचं शुल्क, इंटरनेट अशा बऱ्याच गोष्टी बंद करताना तो मागतात.

आणि आता पेन्शन. हसू नका, मलाही तिशीच्या आत पेन्शनबद्दल वाचताना हसू येत होतं. पण कर्मचारी म्हणून काम करताना पगाराच्या ९.३ टक्के आपले आणि तेवढेच विद्यापीठाचे, असे दरमहा पेन्शन विम्यात जातात. ६० महिने भरले की निवृत्तीच्या वयात जर्मन पेन्शनचा हक्क तयार होतो. ६०पेक्षा कमी भरून कायमचे भारतात परतलात, तर २४ महिने थांबून अर्ज करता येतो आणि फक्त आपला वाटा परत मिळतो. एकदा तो परत घेतला की त्या काळावरचा हक्क संपतो. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७पासून लागू आहे, त्यात दोन्ही देशांतले विम्याचे महिने एकत्र धरायची सोय आहे. म्हणून घाईघाईने पैसे काढण्याआधी हिशेब करा.

याशिवाय सरकारी नोकरदारांची एक पूरक पेन्शन असते, व्हीबीएल. मुदतीच्या काँट्रॅक्टवरच्या संशोधकांना काही अटींवर तिचा दुसरा प्रकार निवडता येतो, पण त्यासाठीचा अर्ज रुजू झाल्यापासून दोन महिन्यांत करायचा असतो. मला हे कळलं ते चौथ्या वर्षी. पहिल्या दिवशी मिळालेल्या जाडजूड पाकिटात तो कागद होता. पाकीट अजून तसंच आहे.

पुढे कुठे?

इथवरचं सगळं कागदांचं झालं. खरा प्रश्न हाच आहे आणि त्याला कागदावर उत्तर नाही.

माझ्या गाईडबाईंनी मला याच गटात दोन वर्षांचं पोस्टडॉक देऊ केलंय. काम आवडीचं, माणसं ओळखीची. दुसरीकडे बाबा ६४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी सोलापुरात त्यांची बायपास झाली. त्या अकरा दिवसांत धाकटी बहीण एकटी दवाखान्यात होती आणि मी व्हिडिओ कॉलवर. तिने मला कधी बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तू यायलाच हवं असं नाही. पण येणार असशील तर तारीख सांग, म्हणजे मला माझं काही ठरवता येईल."

तेव्हा लक्षात आलं, की "बघू" म्हणून मी निर्णय पुढे ढकलत नव्हते. त्याचं ओझं बहिणीवर टाकत होते.

भारतात परतायचं तर वाटा कोणत्या, ते मी बघितलं. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत परदेशी पीएचडीसाठी एक तरतूद आहे : क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघायची एआरडब्ल्यूयू, यांपैकी एका जागतिक क्रमवारीत विद्यापीठ पहिल्या ५००मध्ये कधीतरी आलेलं असावं. अर्ज करण्याआधी आपलं विद्यापीठ त्यात होतं का, ते बघून ठेवा. नियम बदलत असतात, म्हणून जाहिरातीतली अटही वाचा. आयसरसारख्या संस्थांमध्ये बहुधा पोस्टडॉकचा अनुभव आणि स्वतंत्र संशोधनाचा आराखडा बघतात. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप आहे, पाच वर्षांची. तिची वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ३२ वर्षं, महिलांना आणि काही गटांना सवलत. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी या फेलोशिपही आहेत. यांपैकी बहुतेक ठिकाणी भारतातली एखादी संस्था "हो, आमच्याकडे या" म्हणणारी लागते. अशी संस्था महिन्याभरात मिळत नाही. म्हणून परतायचं असेल तर वर्षभर आधी तिथल्या संशोधकांना लिहायला लागा. सुट्टीत घरी जाल तेव्हा एखादं व्याख्यान द्या, चार जणांना भेटा.

या विचारात असताना इरावती कर्वे यांची आठवण झाली. त्यांनी बर्लिनमध्ये मानवी कवट्यांच्या असमानतेवर संशोधन केलं. आपल्या मार्गदर्शकाला वंशभेदाचं जे अनुमान हवं होतं, ते मोजमापांतून निघत नाही असं लिहिण्याचं धाडस दाखवलं आणि १९३०मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पण भारतात परतल्यावर लगेच संशोधनाची जागा तयार नव्हती. १९३१ ते १९३६ त्या मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात प्रशासकीय काम करत होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या आल्या १९३९मध्ये. आज आपण ज्या इरावतीबाईंना ओळखतो, त्यांचं बहुतेक काम त्यानंतरचं आहे. परतल्यावरची पहिली नोकरी म्हणजे आयुष्यभराची नोकरी नव्हे, एवढं मला त्यातून कळलं. माझी तुलना त्यांच्याशी नाही, पण धीर मात्र आला.

माझं ठरलं ते असं

मी पोस्टडॉकला नाही म्हटलं. राहणं चुकीचं आहे असं मुळीच नाही. माझ्यासोबतचे दोघे राहतायत आणि त्यांची कारणं माझ्या कारणांइतकीच खरी आहेत. पेन्शनचा हिशेबही केला : माझे ४८ महिने होतात, पोस्टडॉक धरलं तर ७२, म्हणजे ६०च्या पार. पण त्या आकड्यासाठी राहावं असं मन म्हणेना.

मग तारखा उलट्या लावत आले. डिसेंबरच्या मध्यावर विमान. त्याआधी नोव्हेंबरात तोंडी परीक्षा, दुरुस्त्यांसाठी आणि परीक्षा विभागाच्या पत्रासाठी तीन आठवडे. डिसेंबरअखेरपर्यंत खोली हवी, म्हणून घराची नोटीस ऑक्टोबरच्या पहिल्या तीन कामाच्या दिवसांत. परवान्याचा नवा अर्ज जुलैत. रोजगार कार्यालयातली नोंद झाली. आठ महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक बाजूला ठेवलीय, गावाकडच्या आणि पुण्यातल्या खर्चाच्या हिशेबाने. त्या आठ महिन्यांत तिसरा पेपर पुरा करायचा आणि फेलोशिपचे अर्ज करायचे. मिळेलच असं नाही. पुण्यातल्या एका संशोधकांनी "अर्ज करा, मग बोलू" असं लिहिलंय, सध्या तेवढंच हातात आहे.

जाण्याआधी विचारायचे सात प्रश्न

आता तुमच्याकडे वळते. ऑफर लेटर हातात आलं की आनंद करा, घरच्यांना पेढे द्या आणि दुसऱ्या दिवशी हे प्रश्न शांतपणे विचारा :

१. मी कर्मचारी आहे की स्कॉलरशिपवर? बेरोजगारी आणि पेन्शन विमा आहे का?
२. काँट्रॅक्ट किती वर्षांचं आहे आणि या गटात पीएचडीला प्रत्यक्षात किती वर्षं लागतात? (हा प्रश्न प्रोफेसरांना विचारा आणि तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनाही. उत्तरं वेगळी आली तर विद्यार्थ्यांचं खरं धरा.)
३. काँट्रॅक्ट संपलं आणि थिसिस बाकी असेल, तर आजवर या गटात काय झालंय?
४. माझा परवाना विद्यार्थ्याचा की संशोधकाचा? संपल्यावर किती महिने राहता येईल?
५. थिसिस पेपरांचा की सलग? पदवी नेमकी कोणत्या दिवशी मिळाली असं धरतात?
६. डेटा कुणाचा? गेल्यावर मला तो वापरता येईल का?
७. रुजू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच निवडायचे असे कोणते पर्याय आहेत?

हे विचारलं म्हणून कुणी तुमची जागा काढून घेत नाही. उलट ही मुलगी विचार करून येतेय असंच त्यांना वाटतं.

आणि एक फोल्डर करा. त्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक करार, पगाराची प्रत्येक पावती, विम्याचं प्रत्येक पत्र स्कॅन करून ठेवा. चार वर्षांनी तुम्ही मला मनातल्या मनात धन्यवाद द्याल.

परवाच्या रविवारी बाबांचा फोन आला. पेरणी कुठवर आली ते सांगितलं, शेजारच्या विहिरीचं सांगितलं आणि मग नेहमीचं, "मग, कधी येणार?"

मी म्हटलं, "१४ डिसेंबर. रात्रीचं विमान आहे, मुंबईला उतरेन."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "थांब, लिहून घेतो." कॅलेंडर शोधायला उठले आणि फोन तसाच चालू राहिला. बऱ्याच वेळाने परत आले, म्हणाले, "डिसेंबरात हुरडा सुरू झालेला असतो बघ."

तुमचे काही प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या लेखात तोंडी परीक्षेची तयारी कशी करतेय ते सांगेन, म्हणजे तोवर थिसिस जमा झाला तर!